जर्मनात शिक्षण फुकट

"शीक माय, शीक. म्हणशील त्या मुलखात धाडीन तुला!"

येलदरीच्या धरणावर, बापाच्या खांद्यावर बसून वच्छलेनं हे त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. पाण्यावरून भिजून आलेला तो आवाज तिनं गाठीला बांधून ठेवला.

पंच्याऐंशी साली ती बारावी झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं बोलावलं. प्रवेशाचा शेवटचा दिवस उद्यावर आला, तरी बाप चंद्रभान अजून जगाच्या नकाशावरच हिंडत होता.

"परभणी म्हंजे आपल्या बांधावरचं गाव! माझी लेक परदेशात शिकंल. आश्रुबा, अमेरिकेला किती लागतंय?"

आश्रुबा वच्छलेचा मामा. मानवतला कापसाच्या अडतीवर कामाला, तिथला पेपर पाठ करून यायचा. रुपयांचे आकडे ऐकले की बहिणीला घेरी यायची, म्हणून हिशोब म्हशींत सांगायचा.

"अमेरिका सालाला तीस म्हशी, दाजी. त्याबी दुभत्या."

"आन् विलायत?"

"वीस. परमुलखातल्या लेकरांची फी लय वाढवलीय त्यांनी."

"रशिया?"

"तिथं सरकारच शिकवतंय. पण थंडी अशी, की दूध सडातच गोठावं."

"मंग?"

"मंग जर्मन. जर्मनात शिक्षण फुकट."

चुलीपुढून धुरपताबाई, वच्छलेची माय, गर्रकन वळली.

"जर्मनात? आरं, जर्मनात वरण बी करपतंय, तिथं माझं लेकरू कसं टिकंल?" आणि पुरावा म्हणून तिनं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलंच पुढं धरलं. बूड काळंठिक्कर.

"आक्का, देश हाय तो!"

"असंल देश. बूड पातळच."

वच्छला ओढणीत तोंड घालून हसली. पण उद्या सूर्य मावळला की परभणीचं दार बंद होणार होतं, आणि इथं म्हशींचा बाजार उठायचं नाव घेत नव्हता.

"मामा," तिनं विचारलं, "परभणीला किती म्हशी?"

आश्रुबानं डोकं खाजवलं. "परभणीला म्हैस इकावी लागत न्हाई, माय. आपल्या कपिली गाईचं दूध डेअरीला घातलं तरी भागतंय."

"मग आबा, सकाळच्या एस्टीनं जाऊ?"

चंद्रभान छताकडं बघायला लागला. "आश्रुबा, जपान राहिलं की रं!"

"जपान राहू द्या तिकडंच," धुरपताबाई कडाडली. "लेक काय इचारायलीय? जाब द्या तिला."

चंद्रभाननं टोपी काढली, उगाच झटकली, परत डोक्यावर ठेवली.

"जाऊ की एस्टीनं. पैशाचं काईच न्हाई गं," तो खाली बघत म्हणाला. "अमेरिकेला तू जायची न्हाईस हे ठावं होतं, म्हणून तर तिचा भाव इचारत बसलो. परभणीला तू खरंच जाशील. आन् मला तुझ्याबिगर करमत न्हाई, माय."