सातव्यानंतरचा आवाज

"अक्का, कार्डात व्हायरस घुसलाय. बरं झालं माझ्याकडे आणलंत," म्हणत मी बटण दाबून मोकळाही झालो.

भडगावात पंधरा वर्षं मोबाईल उघडतोय. कुणी मला शिकवलेलं खपत नाही. कार्ड बिघडलं की फायलींची नावं वेडीवाकडी दिसतात. झुंबरबाईच्या कार्डात तशी तेवीस होती. सगळी पुसली. कार्ड चकाचक!

"अन् गाना?" तिनं विचारलं.

"कोणती गाणी?"

"मनी रोशनीना. जपाननं ते कार्टून पिच्चर शे ना, त्याना. बठ्ठा शेतस ना, भाऊ?"

सगळी आहेत ना, म्हणे! अरे देवा, ती जपानी अक्षरं होती! आधी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण विचारील तो कुंदन कसला!

रोशनी तिची एकुलती एक, धुळ्याला नर्सिंग शिकत होती. पोळ्याच्या आठवड्यात डेंग्यूनं गेली. परवा पोरीचा मोबाईलही बंद पडला, म्हणून माय कार्ड काढून स्पीकरमध्ये टाकायला आली होती. कापूस वेचताना कमरेला बांधून ऐकणार होती.

मी कसलं कबूल करतोय? "दोन दिवस लागतील, मोबाईल पण ठेवून जा," एवढंच बोललो.

पुसलेलं परत आणायच्या सगळ्या युक्त्या केल्या, काही हाती लागलं नाही. मोबाईलच्या पाठीवर रोशनीनं एक चित्र चिकटवलं होतं, निळ्या कोल्ह्यावर बसलेली मुलगी. त्याचा फोटो नेटवर टाकला तर पिक्चर सापडला, त्याचा अल्बमही. एकूण बावीस. शब्द एक नाही, नुसती वाद्यं. एक कमी भरतंय हे दिसलं होतं मला, पण एखादं दोनदा आलं असेल म्हणून सोडून दिलं. जीव भांड्यात पडला होता ना!

दोन दिवसांनी ती आली, तेव्हा ती बावीस कार्डात भरून स्पीकरवर लावली. झुंबरबाई स्टुलावर बसून मान हलवत ऐकत राहिली. सातवं संपलं, आठवं सुरू झालं, तशी ती दचकली.

"आठे ती बोलस."

"कोण?"

"रोशनी. सातवं सरनं का तिना आवाज येस. 'माय, जेवनी का?' म्हनस."

तेविसावी फाईल. पोरीनं हौसेनं तिलाही जपानी अक्षरांत नाव दिलं असणार. मी स्पीकर बंद केला. लाजेनं मेल्यासारखं झालं.

"अक्का, मी पुसलं ते. व्हायरस समजून. आता नाही येत परत."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माले एकदाव इचारी तं लेता, भाऊ," ती म्हणाली. मग डोळ्यांना पदर लावला. "सातवं लाव."

लावलं. संपताच तिनं हातानं मला थांबवलं.

"माय, जेवनी का?" ती स्वतःच म्हणाली, पोरीसारखं घाईघाईत. आणि थोडं थांबून, आपल्या आवाजात, "हाव बेटा, जेवनी."

मग पदर सारखा केला.

"आते आठवं लाव, भाऊ."