उदगीरच्या काट्यावरचं डबडं

मित्रांनो, लोक ज्याला डबडं म्हणतात तो मीच. खरा मी संगणक आहे. जुना, पिवळा पडलेला, उदगीरला धान्याच्या गाड्या मोजणाऱ्या वजनकाट्यावरचा. डबडं हे नाव मला भागवतने ठेवलं, आणि तेव्हापासून मी त्याच्यावर डूख धरून आहे. गोड गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा.

भागवतचे वडील शेषेराव यांनी मला इथे आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. काट्यावर गाडी चढली की वजनाचा आकडा तारेतून माझ्याकडे यायचा आणि मी पावती छापायचो. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळं माझ्या डोळ्यांखालून गेलं. "लई गुणाचं हाय," असं शेषेराव येईल त्याला सांगायचे आणि मी फुगून जायचो.

पुढे शेषेराव थकले आणि काटा भागवतच्या हाती आला. त्याने माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले. मी जरा रेंगाळलो की टपली मारली. वीज गेल्यावर मला सांभाळणारी बॅटरी मेली, तीही बदलली नाही. मग एक नवाकोरा संगणक आणला, तर काट्याची जुनी तार त्याला बसेना! तेव्हा नाक मुठीत धरून स्वारी परत माझ्याकडे आली. तोवर माझी डिस्क झिजून गेली होती.

यंत्रं दुरुस्त करणाऱ्या लुंबिनीताई लातूरहून आल्या. त्यांनी नवी डिस्क बसवली, पण माझा उठवणारा तिला ओळखेना. उठवणारा म्हणजे बूटलोडर. बटण दाबलं की सर्वांत आधी तो जागा होतो आणि बाकीच्यांना हाका मारतो. माझा फारच जुना होता. त्याच्या जागी ताईंनी नवा बसवायला घेतला.

"हे संपेपर्यंत बटन बंद करू नका बरं का, दादा. अर्धवट राहिलं तर मशीन उठणारच नाही," असं बजावून त्या हात धुवायला गेल्या.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा करतात. भागवत हळदीकुंकवाचं ताट घेऊन आला. वर्षभर टपल्या मारणारा माणूस एकदम भाविक झाला होता. "चालू मशीनला कुंकू लावत न्हाईत," म्हणत त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं.

माझा जुना उठवणारा गेला होता आणि नवा पुरता आला नव्हता. काळ्या पडद्याने मी कुंकू लावून घेतलं आणि मनातल्या मनात हसलो. करावं तसं भरावं. मला काही करावंही लागलं नव्हतं.

बाहेर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि आभाळ भरून आलं होतं. वजन झाल्याशिवाय आडतीवर कुणी माल घेत नाही. पहिलीच ट्रॉली सरजाबाईंची होती, वरून उघडी.

"आरं भागवत, भुरभुर सुरू झाली की! माल भिजल्यावर कोण घेईल माझा?" त्या ओरडल्या.

भागवतला दरदरून घाम फुटला. मला फार बरं वाटलं.

हात धुऊन परतलेल्या लुंबिनीताईंनी पेनड्राइव्ह लावून पुन्हा काम सुरू केलं. पण मी उठायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्या खेपेला उठलो नाही. सरजाबाईंसाठी जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू? पण राग त्याहून मोठा होता.

तेवढ्यात भागवत दारात जाऊन सगळ्यांना म्हणाला, "मी काय करू? ह्या डबड्यानं घात केला. त्या लातूरच्या बाईनं तर पार वाट लावली."

ऐकलंत? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मेलो असतो तर त्याचं खोटंच खरं ठरलं असतं, आणि ताईंचं नाव फुकट खराब झालं असतं. मेलेल्यावर खापर फोडणं सोपं असतं. याचा सूड घ्यायचा तर उठायलाच हवं होतं.

ताईंनी नवा उठवणारा शेवटपर्यंत बसवला आणि बटण दाबलं. मी एकदाच टूं केलं आणि लख्ख उजळलो.

"बघा," ताई रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "मशीन ठणठणीत आहे. मी नको म्हणून सांगितलं होतं, तरी बटन ह्यांनीच बंद केलं."

सरजाबाईंची ट्रॉली काट्यावर चढली, पावती निघाली आणि जोराची सर यायच्या आत माल आडतीत गेला. पण सरजाबाई स्वतः काही हलल्या नाहीत.

"तुझ्या बापानं ह्याला लेकरावाणी जपलं रं," त्या म्हणाल्या. "आता कान धर. बाईची माफी माग, अन ह्याचीबी."

सगळी रांग बघत होती. भागवतने कान धरले. आधी ताईंसमोर आणि मग माझ्यासमोर.

मित्रांनो, आता माझ्या डोक्यावर कप नसतात आणि शेजारी नवी बॅटरी आहे. यंत्राचं काम चालू असताना त्याची वीज तोडू नका, आणि वर्षभर टपल्या मारून एक दिवस कुंकू लावू नका. आम्ही विसरत नाही. माझा उठवणारा बदलला, पण मनातला राग जुनाच आहे. दुसऱ्या कुणी बटण दाबलं तर मी लगेच उठतो. भागवतने दाबलं की मात्र पडदा काळाच ठेवतो, त्याचा हात आपोआप कानाकडे जाईपर्यंत.