दोन आखूड, एक लांब

माळावरच्या रडारची चार वर्षं राखण करून हौशीरामाला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. आज तिथल्या संशोधक अश्विनी मॅडमनी समजावलं, "वर आकाशातल्या आयनोस्फियरच्या थरावरून परतणारी रडारची लहर गोंगाटात हरवते, भाऊ. म्हणून सोडतानाच तिच्यात खूण घालायची. तीच खूण सापडली, की लहर आपली."

"आन् ह्यात नवल ते काय? नारायणगावच्या बाजारात एकीनं 'अहो' म्हटलं, की पंधरा नवरं वळत्यात. म्हनून आमची मंडळी दोन आखूड, एक लांब हाक मारती."

तेवढ्यात शेजारच्या वावरातून, उचलायच्या कांद्याच्या गोण्यांपाशी उभ्या त्याच्या बायकोचा, साळुबाईचा आवाज आला, "अहो, अहो, अहोऽऽऽ!"

हौशीराम ढिम्म हलला नाही.

"काय भाऊ, खूण सापडली नाही?"

"सापडली की! म्हनून तर बसलोय."