कागदोपत्री रिकामा

मी एक जुना कंटेनर आहे. लांबी वीस फूट, रंग एकेकाळी निळा, स्वभाव वाईट. ३१ मे २०१६ रोजी सकाळी दहा वाजता चतुराबाई माझ्यात राहायला आल्या आणि आजही राहतात.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या गावच्या सोसायटीच्या ठराव क्रमांक सातनुसार मी सीलबंद आहे, रिकामा आहे आणि माझ्यात कोणीही राहत नाही. म्हणून पहिल्यापासून सुरू करू.

मी एक जुना, रिकामा कंटेनर आहे.

माझा जन्म दूरच्या एका बंदराजवळच्या कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्यासारखे आणखी दोनशे जन्मले, त्यामुळे पेढे कोणी वाटले नाहीत. पुढे अठरा वर्षं मी समुद्रावर होतो. फरश्या वाहिल्या, खेळणी वाहिली, एकदा तर नुसत्या उजव्या पायाच्या चपला वाहिल्या. डाव्या दुसऱ्या जहाजात होत्या. त्यांची पुढे भेट झाली का, ते मला कोणी कळवलं नाही.

आमच्या धंद्यात एकच अब्रू असते, ती म्हणजे सील. दाराला सील आणि कागदावर आतल्या मालाचं नाव. सील शाबूत असेल तर तुम्ही सज्जन. अठरा वर्षांत माझं सील वाटेत एकदाही फुटलं नाही आणि समुद्राचा थेंब आत आला नाही. हे नीट लक्षात ठेवा. याच कौतुकाने पुढे माझा घात केला.

म्हातारा झाल्यावर मला न्हावाशेव्याजवळच्या एका भंगार यार्डात टाकलं. तिथे एक दिवस चतुराबाई आल्या. सोबत मांजरसुंब्याचा वेल्डर शफी होता. बाई बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. एकतीस मेला निवृत्ती, त्याच दिवशी क्वार्टर रिकामं करायचं. बीड जिल्ह्यात तेलगावच्या अलीकडे, दवाखान्याच्याच गावात, रस्त्याकडेला त्यांनी एक गुंठा जागा घेऊन ठेवली होती. घर विटांचंच बांधायचं होतं. पण त्या वर्षी गावाला चार दिवसांआड टँकर येत होता. त्यातल्या पाण्याने विटा भिजवल्या असत्या, तर गावाने बाईंनाच भिंतीत चिणलं असतं. म्हणून त्या बिनपाण्याचं घर शोधत होत्या.

त्यांनी छत्रीने माझ्या बरगडीवर दोनदा ठोकलं. मला हा प्रकार आवडला नाही.

"ह्याच्यात काय व्हतं?"

"खेळणी," यार्डवाला म्हणाला.

बाईंनी आत डोकं घालून वास घेतला. "खोटं नगं बोलू. लसूण व्हता. पर त्यो बरा. शेजारच्याला फवारणीच्या औषधाचा वास मारतोय. शफी, ह्योच घे."

आयुष्यात माझी निवड एकदाच झाली, तीही लसणामुळे.

मला ट्रेलरवर बांधलं. मांजरसुंब्याला ड्रायव्हर जेवायला उतरला आणि तीन तास जेवला. गावात शिरताना विजेच्या तारा आडव्या आल्या. लोकांनी बांबूने त्या वर उचलल्या आणि तेवढा वेळ मला शिव्या दिल्या. मग क्रेनने उचलून मला चार दगडी खांबांवर ठेवलं. माझं दार रस्त्याकडे आणि पाठ लिंबाच्या झाडाकडे. शफी गुरुवारी कटर घेऊन येणार होता, खिडक्या पाडायला.

गाव बघायला जमलं. बंकट नावाच्या इसमाने मला लाथ मारली.

"बाई, ह्या डब्यात तुमी भाजून निघताल की वो."

"निघन तर निघन," बाई म्हणाल्या. "तुला कावून घाम सुटलाय?"

दुसऱ्या दिवशी बाई पेन्शनच्या कागदासाठी बीडला गेल्या आणि माणिकराव आले.

माणिकराव सोसायटीचे चेअरमन. सोसायटीचं काम खत वाटायचं. पण पेरणीच नव्हती, म्हणून त्यांनी टँकरचं पाणी वाटायचं मनावर घेतलं होतं. टँकर विहिरीत सोडला की निम्मं पाणी तळाच्या भेगांतून पसार व्हायचं. माणिकराव माझ्याभोवती एक फेरी मारून आले.

"राधाकिशन, हे धूड समिंदरातनं आलंय. आत थेंब गेला न्हाई म्हणत्यात."

"न्हाई गेला."

"मंग जे पाणी आत जात न्हाई, ते भायेर कसं येईल बे?"

राधाकिशन हा सोसायटीचा सचिव. त्याने थोडा विचार केला आणि हे वाक्य इतिवृत्तात लिहून घेतलं.

मित्रांनो, पाणी बाहेर ठेवणं आणि पाणी आत ठेवणं ही दोन वेगळी खाती आहेत. माझ्या दाराचं रबर झिजलेलं, तळाच्या फळ्यांना फटी. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. त्यांनी टँकरचा पाइप माझ्या दारातून आत सारला, दार त्यावर दाबून धरलं आणि दहा हजार लिटर पाणी सोडलं.

ज्या पाण्याला मी अठरा वर्षं दारात उभं केलं नव्हतं, ते माझ्या पोटात खेळायला लागलं. मग ते सगळीकडून निघालं. दारातून, तळातून, जिथे भोक आहे हे मलाही माहीत नव्हतं तिथून. बाया हंडे घेऊन धावल्या, माझ्या खाली शिरल्या. शेजारच्या केशरबाई तिथूनच ओरडल्या, "माणिकराव, तुमच्या डोस्क्यात तरी काई ऱ्हातं का?"

निम्मं पाणी हंड्यांत गेलं, निम्मं जमिनीत. जमिनीने ते असं प्यायलं की चिखलसुद्धा झाला नाही.

गाव खवळलं. चूक कोणाची तरी असायला हवी होती, आणि माणिकराव चेअरमन असल्यामुळे ती त्यांची असू शकत नव्हती. तिथेच लिंबाखाली सभा भरली. ठराव क्रमांक सात: "सदर कंटेनरने गावाचे पाणी बेजबाबदारपणे सोडून दिले असल्याने, चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याच्या दारास सोसायटीचे कुलूप लावून तो सीलबंद व रिकामा ठेवण्यात यावा." सूचक माणिकराव, अनुमोदक बंकट, मंजूर एकमताने. माझं मत कोणी विचारलं नाही. मी सभासद नव्हतो.

बाई बीडहून परतल्या त्या थेट माणिकरावांच्या ओट्यावर.

"कुलूप काढा."

"बाई, ठराव झालाय. आता सर्वसाधारण सभाच काढू शकती."

"मंग घ्या सभा."

"साठ माणूस लागतंय सभेला. निम्मं गाव पुण्याला कामाला गेलंय."

"अन् दुपारी कशी झाली सभा?"

"दुपारी पाणी व्हतं," माणिकराव म्हणाले. "लोक आलते."

बाई तहसीलला गेल्या. साहेब दुष्काळाच्या बैठकीला गेले होते. क्वार्टरवर आल्या तर नवी नर्स तान्हं मूल आणि पाच गाठोडी घेऊन दारात बसलेली. एकतीस तारखेला पाच दिवस उरले होते. बाईंनी तिला पाणी दिलं आणि स्वतःची भांडी बांधायला घेतली.

गुरुवारी शफी आला. कुलूप हातात धरून म्हणाला, "बाई, तोडू का? एक हातोडा बस."

"हात लावू नगंस. ठरावात काय लिवलंय? दाराला कुलूप. मागल्या भिंतीबद्दल काई लिवलंय का?"

शफी माझ्या पाठीमागे जाऊन आला. बराच वेळ हसला. मग त्याने कटर सुरू केला.

पुढचे दोन तास मी त्या माणसाला जे शाप दिले, ते पाळीपाळीने फळले तर त्याची सात जन्मांची सोय होईल. पुढे सील शाबूत आणि पाठीत दार! अठरा वर्षांची अब्रू एका दुपारी मागच्या बाजूने गेली. वर दोन खिडक्या पाडल्या. भिंतीत खिळा जाईना, म्हणून बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोंसाठी दोन हूक वेल्डिंगने चिकटवले. छपरावर उसाचं पाचट टाकलं. ऊन वाढलं की माझा पत्रा ठणकन वाजतो. तसा मी वाजलो, तर बाई म्हणाल्या, "गप ऱ्हा. तुला एकट्यालाच उकडतंय का?" त्यानंतर जे घडलं ते मी पहिल्या परिच्छेदात सांगितलेलं नाही.

दर महिन्याच्या पाच तारखेला राधाकिशन तपासणीला येतो. कुलूप ओढून बघतो, वहीत लिहितो: 'कंटेनर सीलबंद व रिकामा, स्थिती उत्तम.' तेवढ्यात आतून लसणाच्या फोडणीचा वास येतो.

"राधाकिशन, च्या घेतोस का रं?" रिकामा कंटेनर विचारतो.

तो गपचूप वळसा घालून येतो.

"ये. पायाळू जन्मलास तू, ह्याच हातांनी सोडवला तुला. तवापास्नं मागल्या दारानंच येतोस."

"बाई, तुमी आत न्हाईत, बरं का."

"न्हाईच की. साखर किती टाकू?"

हसू नका, मित्रांनो. टँकर आला की राधाकिशनच यादी वाचतो, आणि रिकाम्या घराला हंडे मिळत नाहीत. ज्या बाईने निम्म्या गावाला पहिली आंघोळ घातली, तिच्या वाट्याला एक तांब्याही नाही. केशरबाई टँकरच्या दिवशी एक हंडा मागच्या दाराशी ठेवून जातात. तेवढ्याच पाण्यात बाई धुतात, रांधतात, पितात. उरलेलं लिंबाला घालतात. मला अजून गाव आवडत नाही. बाईसुद्धा ठीकच आहेत. पण तो हंडा आत आणून खाली ठेवताना पाणी सांडू नये म्हणून बाई श्वास धरतात आणि मग सोडतात, तो आवाज मला ऐकू येतो.

अशा आत्मवृत्ताच्या शेवटी 'वस्तूंची काळजी घ्या' असं सांगतात. माझी घेऊ नका. मी लोखंडाचा आहे आणि मला तुमचा राग आहे. त्यापेक्षा खालील अर्ज पुढे पाठवा.

प्रति,
मा. चेअरमन साहेब, सेवा सहकारी सोसायटी.

विषय: आतल्या मालाची नोंद दुरुस्त करून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयी विनंती की, आमच्या धंद्यात सील शाबूत असल्यास आतल्या मालाचे नाव कागदावर असणे बंधनकारक आहे. प्रथम मी बीड जिल्ह्यास समुद्र मंजूर करण्याची मागणी करणार होतो, परंतु ती सोडून देत आहे. कुलूपही आपण खुशाल ठेवावे. फक्त ठराव क्रमांक सातमधील 'रिकामा' हा शब्द खोडून त्या जागी पुढील मजकूर घ्यावा, ही नम्र विनंती.

माल: चतुराबाई. एक नग. जपून हाताळावे. उलटे करू नये. कोरडे ठेवू नये.