मावशीच्या रक्तातल्या निम्म्या प्रती

सहा महिन्यांपूर्वी मावशीच्या रक्तात पेशीमागे मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या दोनशे दहा प्रती होत्या. या खेपेस एकशे चार निघाल्या. दोन्ही वेळा मोजणी भाचीनेच, एकाच यंत्रावर केली होती.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणांचा डीएनए काही आजारांत घटलेला आढळतो. पण एका आकड्यावरून एका माणसाचे निदान होत नाही, असे ती प्रयोगशाळेत इतरांना उठताबसता बजावीत असे. मावशीचा आकडा पाहिल्यावर मात्र तिला स्वतःलाच ते पटेना. आईमागे हिनेच तिला लहानाची मोठी केली होती.

संध्याकाळी तिने मावशीचे स्वयंपाकघर गाठले.

"दम लागतो का गं तुला? थकवा येतो?"

"येतो ना. तू उलटतपासणी सुरू केलीस की लगेच येतो."

"मावशी, चेष्टा नको."

"बरं बाई. तीन जिने चढते, पिशव्या उचलते, तुझ्या काकांशी भांडते. यातलं कमी काय करू, सांग." मग तिने भाचीचा चेहरा निरखला आणि सुरी खाली ठेवली. "काय निघालं?"

"निम्म्यावर आलंय."

"मग पुन्हा काढ रक्त. माझी शीर मेली हाताला लागत नाही, ठाऊक आहे. पण या खेपेस एका टोचण्यात भागवलंस की."

भाचीला ते टोचणे आठवले. रीतीप्रमाणे दोन नळ्या भरायच्या असतात. तिने एकच भरली होती.

सकाळी तिने मावशीच्या रक्ताची एक नळी भरली आणि त्या रक्ताचे दोन भाग केले. पहिला तसाच मोजला: दोनशे सात. दुसरा रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रात हळू फिरवून, वरचा पिवळा थर काढून मोजला: एकशे एक.

"म्हणजे मी ठणठणीत?" फोनवर मावशीने विचारले.

"तुझा आकडा हलला नाही, एवढंच म्हणेन."

"एवढं बोलायला इतकी शिकलीस होय गं!"

भाचीने नोंदवहीत कारण लिहिले. प्लेटलेटमध्ये मायटोकॉन्ड्रिया असतात, केंद्रक नसते. पेशी केंद्रकावरून मोजतात, त्यामुळे प्लेटलेट त्या मोजणीत येत नाहीत; त्यांचा डीएनए मात्र प्रतींच्या मोजणीत येतो. एकशे चार आले त्या खेपेस प्लेटलेटच्या चाचणीसाठी ती एकच नळी हळू फिरवून वरचा थर काढला होता, त्याबरोबर प्लेटलेट गेल्या. उरलेलेच रक्त डीएनएसाठी वापरले, कारण दुसऱ्या नळीसाठी मावशीला पुन्हा टोचणे भाचीच्या जिवावर आले होते.