पाहिलं, ऐकलं, शंका आली

दूधवाल्याचं माप, डॉक्टरची सुई, सुनेचं गोड बोलणं, यातल्या कशावरही तुळजाबाईंचा विश्वास नव्हता. अख्ख्या उमापुरात त्या मानत एकाच माणसाला, विहारातल्या म्हाताऱ्या भन्ते कुशलबोधींना. नवरा गेल्यावर दोन वर्षं बाई कुणाशी धड बोलत नव्हत्या. त्यांना पुन्हा माणसांत आणलं ते भन्तेंनी. म्हणूनच यंदाच्या वर्षावासात खुद्द भन्तेंचाच संशय आला, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

भिक्खूनं दुपारी बारानंतर जेवायचं नाही, हा नियम. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने भन्ते विहारातच मुक्कामाला असत आणि त्यांचा डबा तुळजाबाईंच्या घरून जाई. डब्यात भाकरी तीन. भन्तेंची भूक दोनाचीच, हे बाईंना ठाऊक; डबा मात्र रिकामा परत येई. आधी अर्थातच सुनेवर, बबितावर संशय, की हीच एक कमी भरते. मग बाईंनी स्वतःच्या हातानं तीन भरल्या, तरी तेच. पुढं एकदा विहारात केर काढताना भन्तेंच्या झोळीत फडक्यात बांधलेली भाकरी त्यांच्या हाताला लागली, आणि दुसऱ्या सकाळी झोळी रिकामी. कुठंतरी पाणी मुरत होतं.

सांगावं तर विहार समितीचे भगवानराव भलते कडक. नियम मोडला म्हणून मागच्या एका भन्तेंना त्यांनी सरळ गेवराईच्या गाडीत बसवून दिलं होतं. तोंड उघडलं तर हे भन्तेही जाणार. नाही उघडलं तर आपण एका लबाड माणसाच्या पाया पडतोय. पंधरा दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही.

आश्विन पौर्णिमा आली. वर्षावास संपताना भिक्खूंनी एकमेकांना आपले दोष विचारायचे, याला पवारणा म्हणतात. उमापुरात दुसरा भिक्खू कुठला असायला? म्हणून भन्ते लोकांसमोरच बसत. त्यांनी हात जोडले.

"माझ्यात काई दोष पाहिला असंल, ऐकला असंल, नुसती शंका आली असंल, तरी सांगा. उपकार व्हतील."

दरवर्षी लोक 'साधू, साधू' म्हणत आणि खिरीकडे वळत. आताही भगवानराव उठलेच होते.

"मला आली शंका," तुळजाबाई म्हणाल्या. "तुमी भाकर लपवता, भन्ते. कावून?"

नाही म्हणा, एकदा नाही म्हणा, असं बाईंचं मन आतून ओरडत होतं.

"लपवतो," भन्ते म्हणाले. "सांजंला खातो. शुगर हाय मला. गोळी घेतली अन पोटात काई नसलं की घेरी येती. आजारी भिक्खूला सांजंला गूळ-मध चालतो, अन माझा आजार नेमका गोडाचा."

कुणीतरी फिस्कन हसलं. भन्ते हसले नाहीत.

"पर खरी खोट ती न्हाई. सांगितलं न्हाई, ती खोट. म्हातारा झाला, दुसरा आणा म्हणताल, याचं भ्या वाटलं. चाळीस वर्षं गावोगाव लोकांना अनित्य शिकवलं अन मीच एका खोलीला चिकटून बसलो. संघ म्हंजी बिनचुकीची माणसं न्हवं, बाई. तोंडावर सांगणारी अन ऐकून घेणारी माणसं. आज तुमच्यामुळं हितं संघ हाय."

उठलेले भगवानराव पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "सांजचा डबा आता माझ्या घरून. उघड बसून खायचा."

तुळजाबाईंना रडूच कोसळलं. भन्ते राहणार होते, आणि ते खोटं बोलले नव्हते. त्या डोळे पुसत होत्या, तेवढ्यात भन्ते म्हणाले, "आता तुमी विचारा, उपासिका. पवारणा एकट्याची नसती."

बाई कुणाला भ्यायच्या? मान ताठ करून त्यांनी हात जोडले. "माझ्यात कुणी काई पाहिलं, ऐकलं असंल, तर सांगा."

बायका एकमेकींची तोंडं बघू लागल्या. मागून बबिता उठली.

"आत्या, मी माहेरी फोन लावते, तवा तुमी दाराआड उभ्या राहता. नऊ वर्षं झाली. मला आईजवळ एकदाबी रडता आलं न्हाई."