बाईसाहेबांची बादली

आमच्या घरात कुणाला काही झालं की सगळे आधी माझ्या तोंडाकडे बघतात. त्या दिवशी तर तोंड घोडीचं उघडलं होतं, तरी नवरा बघत होता माझ्याकडेच.

घोडीचं नाव बाईसाहेब. आमच्या तबेल्यातली सगळ्यात म्हातारी. किती पोरं तिच्या पाठीवर बसायला शिकली, एकालाही तिने पाडलं नाही. पण गेले काही महिने ती नुसती वाळत चालली होती. कणा वर आलेला, अंगावरची लव पार निस्तेज. मध्येच पोट दुखून लोळायची. नवऱ्याचं जंतांचं औषध पाजून झालं, खुराक बदलून झाला, नाल ठोकणाऱ्याशी भांडूनसुद्धा झालं. तोंडात बघायचं काही सुचलं नाही. ती गवत तोंडात घोळवायची आणि अर्धवट चावलेले बोळे खाली टाकायची. ते झाडणारी मी. मला वाटायचं, म्हातारपणाचे नखरे. खरं सांगते, जास्त विचार करायला माझ्यात त्राणच उरलं नव्हतं.

सासूबाईंना जाऊन महिनाच झाला होता. कित्येक वर्षं त्यांच्या तोंडात एक दात नव्हता, आणि कवळी लावतील तर शपथ. "टोचते मेली," म्हणायच्या. सगळं मऊ शिजवायचं, कुस्करायचं, जवळ बसून भरवायचं. कधी मायेने केलं, कधी धुसफुसत केलं, पण केलं मीच. त्या गेल्या तेव्हा मी खूप रडले, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपले. त्या झोपेची मला अजूनही लाज वाटत नाही.

घोड्यांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना शेवटी बोलावलं. त्यांनी घोडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबड्यात लोखंडी चाप बसवला, कपाळाला दिवा बांधला आणि हात आत घातला. कानशीने दातांच्या कडा घासल्या. "या धारेने गाल आतून कापलाय बिचारीचा," म्हणाल्या. मग मागच्या दाढा चाचपून हात बाहेर काढला.

"दाढा संपल्यात," त्या हात पुसत म्हणाल्या. "घोड्याचे दात झिजतात तसे आतून वर सरकत राहतात. हिच्यात आता सरकायला काही उरलं नाही. चावलं जात नाही, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून पोट धरतं. बाकी ठणठणीत आहे ती."

"मग उपाय काय?" नवऱ्याने विचारलं.

"खुराक भिजवून पातळ लगदा करायचा. दिवसातून चार वेळा, कायमचं. घट्ट राहिला तर घशात अडकेल. करणारं कुणी असेल तर अजून मजेत जगेल. नसेल तर इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ द्या. उपाशी मारू नका."

"ही करेल की," नवरा म्हणाला. "हिला सवय आहे."

सवय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी नाही करणार," मी म्हटलं. "अहो, मला आता कुणाला भरवायचं बळ नाही. जगवायची तर तुम्ही जगवा."

बाईसाहेब गुंगीत मान खाली घालून उभी होती, खालचा ओठ लोंबत होता. मला तिची दया येत होती. पण त्या दिवशी मला माझीही आली. डॉक्टरीणबाई उगाच कानस पुसत बसल्या. नवरा बराच वेळ घोडीचं कपाळ चोळत राहिला, आणि मग बारीक आवाजात मला म्हणाला, "पाणी किती घालायचं?"

स्वतःची आई अंथरुणावर असताना इतक्या वर्षांत हा प्रश्न या माणसाला एकदाही पडला नव्हता. राग आला की रडू, कोण जाणे. डोळे मात्र भरले.

संध्याकाळी मी पायरीवर बसले होते. तो बाह्या सरसावून बादलीत लगदा कालवत होता. कालवायची काठी नुसती उभी राहत होती, म्हणजे घट्ट झाला होता. घोडी मान पुढे काढून वाट बघत होती. मी उठायला गुडघ्यावर हात टेकलासुद्धा. आत्ता उठले की बादली जन्मभर माझी. नाही उठले तर घोडीच्या घशात बोळा.

"अहो!" मी बसल्या जागेवरून ओरडले. "अजून पाणी! अजून! ओता म्हणते ना!"

त्याने ओतलं. कोपरापर्यंत बरबटलेले हात वर धरून तो वळला. "आता येऊन बघतेस का जरा?"

"इथून दिसतंय," मी म्हटलं, आणि पाय पसरून बसले.